विमानाच्या चाकाखालचं लिंबू

हिशेब मांडायचा तर त्या पत्र्याच्या विमानातून अल्पेशला मिळायचं होतं ते असं: एक बायको, तीही स्वतः पसंत केलेली, एक सासरा, जो पसंत करता येत नाही, बायकोबरोबर येतोच, आणि बापाने चारचौघांत ‘हा आमचा पोरगा’ म्हणताना आधी घसा न खाकरणं. बदल्यात द्यायचं होतं ते एवढंच, की सुरू केलेली एक गोष्ट शेवटाला न्यायची. आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, पोराला हा सौदा महागात पडणार.

कारण अल्पेशची ख्यातीच तशी. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर वाहणारे त्याच्या बापाचे, रामचंद्रशेठ ऊर्फ रामशेठचे, ट्रेलर गावाबाहेरच्या आवारात उभे असतात. त्यांचं डिझेल, टायर, ड्रायव्हरची भांडणं हे सगळं अल्पेश चोख बघतो. कामात खोट नव्हती. खोट होती ती कामानंतरच्या वेळात. त्याने गिटार आणली, तिच्या मानेवर आता त्याची आई सखुबाई ओले नॅपकिन वाळत घालते. जपानी शिकायला घेतली, ती नमस्कारापर्यंत आली. कोंबड्या पाळायचं ठरलं तेव्हा खुराडं झालं, रंगवूनही झालं, फक्त कोंबड्या यायच्या राहिल्या. खुराड्यात रामशेठ जुने टायर ठेवतात.

मग हे धातूच्या विमानांचं खूळ. खोक्यातून पातळ पोलादी पत्र्याची पानं येतात. त्यांवर विमानाचा एकेक भाग जवळजवळ कापून ठेवलेला असतो. बारीक कटरने तो सोडवायचा, चिमट्याने वाकवायचा, त्याला तांदळाच्या दाण्याएवढे कान असतात ते दुसऱ्या भागाच्या फटीत घालून पलीकडून पिळायचे. डिंक नाही, स्क्रू नाही. कान एकदा पिळला की बसला. सरळ करून पुन्हा पिळायला गेलं की तुटला. तुटला की संपलं, सुटा कान बाजारात मिळत नाही. यातही अल्पेशची पहिली तीन विमानं त्याच्या रीतीप्रमाणेच झाली: एक पंखांविना, एक शेपटीविना, आणि एकाचं नुसतं नाक.

शेजारच्या गावातली कल्पिता बंदरावर माल सोडवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात कामाला. कंटेनरचे कागद द्यायला-घ्यायला अल्पेश तिथे जायचा. पुढे कागद नसले तरी जायचा. कल्पिताला तो आवडला, कारण बाकीचे ट्रेलरवाले काउंटरवर हात आपटायचे आणि हा रांगेत उभा राहायचा. तिच्या वडिलांना, बाबाजींना, तो याच कारणासाठी आवडला नाही.

बाबाजींचं घराणं मिठागराचं. मिठागर गेलं, बंदर आलं, बाबाजी यार्डात सुपरवायझर झाले आणि निवृत्तही झाले. नोकरी सुटली, पण तपासणी सुटली नाही. पाहुण्यांकडे गेले तरी आधी घराला बाहेरून एक फेरी मारतात.

“माझी पोरगी मी अर्धवट मानसाला देनार न्हाय,” त्यांनी अल्पेशला ओट्यावर उभं ठेवून सांगितलं. “यार्डातून सील लागल्याबिगर गाडी गेटभायेर जात न्हाय. तुझ्या कशालाच सील न्हाय.”

“पप्पा,” कल्पिता आतून म्हणाली, “आपल्या गच्चीवरच्या सळयांना कुठे सील आहे?”

बाबाजींच्या गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आकाशाकडे बोटं करून कधीच्या उभ्या आहेत. पावसाने गंजू नयेत म्हणून त्यांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्यात. वारा सुटला की सगळ्या गावाला शिट्ट्या ऐकू येतात.

“तो विषय वेगला हाय,” बाबाजी म्हणाले. आणि अल्पेशला म्हणाले, “तुझं ते इमान हाय ना? ते पुरं कर. दसऱ्याला सोनं द्यायला येनार तवा बघतो. पुरं असंल तर सुपारी फोडू. नसंल तर आपट्याचं पान हातावर ठेवीन आन् माघारी जाईन.”

कल्पिताने आपलीही एक अट घातली. “मला अर्धवट फोटो पाठवायचा नाही. तुझ्या अर्धवट फोटोंनी माझा फोन भरलाय. पूर्ण झालं की डोळ्यांनी बघीन.”

तर अल्पेश बसला. दोन पंख्यांचं जुन्या धाटणीचं प्रवासी विमान निवडलं, हातभर लांबीचं. पोटाचा पत्रा गोल वळवायला त्याने स्वयंपाकघरातलं लाटणं नेलं. लाटणं परत आलं ते बारीक रेघा घेऊन, आणि पुढे कितीतरी दिवस त्या घरच्या चपात्यांवर विमानाच्या खिडक्यांसारख्या ओळी उठत होत्या.

“पत्र्याचं खूळ मेलं,” सखुबाई म्हणायची. म्हणायची, पण झाडू मारायला आली की त्याच्या टेबलाखालचा कचरा आधी हाताने चाचपून बघायची. एकदा तिला तिथे बोटाच्या नखाएवढं दार सापडलं. ते तिने काही न बोलता त्याच्या चहाच्या बशीत ठेवलं.

आता सखुबाईबद्दल एक गोष्ट आधीच नोंदवायला हवी. तिच्या हातून चूक होत नाही. भात करपला तर तो कुकर करपवतो. स्कूटर फाटकाला घासली तर ते फाटक कुणीतरी सरकवलेलं असतं. एका लग्नात हळदीला दोनशे माणसांचं मटण खारट झालं होतं, तेव्हा त्या वर्षीचं मीठच जास्त खारट होतं. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द रामशेठने तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते आणि आता त्यांनी आशाही सोडली होती. असं माणूस घरात असलं की बाकीच्यांच्या वाट्याला चुका जरा जास्तच येतात. अल्पेशच्या वाट्याला आल्या होत्या, त्यातल्या काही खुराड्याच्या आकाराच्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अल्पेशने शेवटचा कान पिळला. पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक लहानसं. विमान टेबलावर आपल्या पायांवर उभं राहिलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. पूर्ण झालेल्या गोष्टीचं पुढे काय करतात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने ते पुसलं. मग पुन्हा पुसलं. मग वर आईचं मऊ ओढणीचं कापड घातलं आणि आवाराला कुलूप आहे का बघून आला, जसं काही विमान पळून जाणार होतं.

सकाळी आवारात दसऱ्याची पूजा झाली. ट्रेलर ओळीने धुऊन उभे, प्रत्येकाच्या नाकावर झेंडूचा हार, आंब्याचे टहाळे, हळदकुंकवाची बोटं. आणि प्रत्येकाच्या पुढच्या चाकांखाली एकेक लिंबू. ड्रायव्हरने गाडी सावकाश पुढे घ्यायची, लिंबू फुटलं पाहिजे. लिंबू निसटून गाडी पुढे गेली तर वर्षभर त्या गाडीमागे कटकट, हा सखुबाईचा पक्का हिशेब. म्हणून ती चाकाजवळ वाकून बघते आणि नाही फुटलं तर ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावते. त्या दिवशी सगळी फुटली. ट्रेलर झाले, पिकअप झाली, स्कूटर झाली, रामशेठची जुनी सायकल झाली. अल्पेश आपट्याची पानं आणायला बाजारात गेला होता.

ताट घेऊन सखुबाई घरात आली तेव्हा ताटात दोन कागदी लिंबं उरली होती, आणि टेबलावर ओढणीखाली काहीतरी उभं होतं. तिने ओढणी उचलली.

पुढे तिच्या मनात काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं, म्हणून आपण जोडून देतो. यालाही चाकं हायत, ती मनाशी म्हणाली. पोराने जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंय. सगळ्या गाड्यांची नजर उतरवली आणि हीच तेवढी राहिली? तिने झेंडूचं एक फूल सोडवून दोऱ्यात ओवलं, विमानाच्या नाकाला घातलं. हळद लावली, कुंकू लावलं. मग पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली. विमान लिंबांवर चढून, नाक वर करून बसलं. छान दिसलं. पण लिंबू फुटायला पाहिजे, आणि याला ड्रायव्हर नव्हता. म्हणून तिने वरून हाताने दाबलं. फुटलं नाही. जरा जोरात दाबलं. तरी नाही. अशी गाडी ती कधीच पुढे जाऊ देत नाही. तिने दोन्ही तळवे ठेवले आणि सगळा भार दिला.

लिंबं तशीच राहिली. विमान गुडघ्यांवर बसलं.

अल्पेश पानांची जुडी घेऊन आत आला तेव्हा ती ओढणी पुन्हा घालत होती.

“आये, काय झालं?”

“मांजरी आली असंल.”

अल्पेशने ओढणी उचलली. दोन्ही पाय मुळापासून तुटून बाजूला पडले होते, चाकांसकट.

“मांजरीने हार घातला?” दारातून रामशेठ म्हणाले.

सखुबाईने विमानाच्या नाकावरचा हार सरळ केला.

“आन् लिंबू?”

“लिंबूच कच्चं हाय,” ती म्हणाली. “फुटंना.”

अल्पेश ओरडला असता तर बरं झालं असतं, असं रामशेठ अजूनही सांगतात. तो ओरडला नाही. खुर्चीवर बसला, चष्म्यासारखं भिंग डोळ्याला लावलं, तुटलेल्या जागा बघितल्या. पायांचे चारही कान पोटाच्या फटीतच राहिले होते, पिळलेले, घट्ट. पाय तेवढे कानांपासून तुटले होते. चिकटवून बघितलं. विमान क्षणभर उभं राहिलं आणि नमस्कार केल्यासारखं पुन्हा पुढे वाकलं.

“दुपारी येनार ते,” अल्पेश म्हणाला. एवढंच.

रामशेठनी आयुष्यभर मोडक्या गाड्या चेकनाक्यावरून काढल्यात. त्यांना उपाय सुचायला वेळ लागला नाही. “उडताना इमान चाकं आत घेतं का न्हाय?”

“घेतं.”

“मग त्याला उडव.”

मासे धरायच्या गळाची तंगूस घरात होती. तिचा पारदर्शक दोरा पंख्याच्या हुकाला बांधून त्यांनी विमान हॉलच्या मधोमध टांगलं. हार काढला, हळदकुंकू पुसलं. वाऱ्याने विमान हळूच वळलं. चाकांची जागा खालून कुणी मान वाकडी करून बघितल्याशिवाय कळत नव्हती. तुटलेले पाय काडेपेटीत घालून काडेपेटी अल्पेशच्या खिशात. लिंबं सखुबाईने पदराला गाठ मारून ठेवली. पूजेचं लिंबू टाकवत नाही, आणि न फुटलेलं तर मुळीच नाही.

बाबाजी आले ते घराला बाहेरून फेरी मारूनच आत आले. बरोबर कल्पिता. पानांची देवाणघेवाण आधी व्हायची नव्हती, ते ठरलंच होतं. बाबाजींच्या खिशातून आपट्याची डहाळी डोकावत होती.

“वा,” कल्पिता वर बघून म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला की अल्पेशने नजर खाली घातली. तिने ते बघितलं. मुली बघतातच.

बाबाजींनी विमानाला एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. मग मान वाकडी केली.

“चाकं?”

“उडतंय ना शेठ,” रामशेठ म्हणाले. “आत घेतलीत.”

“अस्सं.” बाबाजींनी खुर्ची ओढली आणि बसले. “मंग आता उतरव. चाकं भायेर काढ. मी थांबतो.”

पंखा बंद होता. तरी सगळ्यांना वारा लागल्यासारखं झालं. रामशेठनी घसा खाकरला, आणि अल्पेशला कळलं की पुढचं वाक्य आपल्यालाच बोलायचंय.

“तुटलीत, काका.” त्याने काडेपेटी काढून समोर धरली.

बाबाजींनी तळहातावर पाय ओतून घेतले. “तुटलीत, का लावलीच न्हाय? हा तर सुटा माल हाय.”

“लावली होती. काल लावली. आज...” तो थांबला. सखुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “आज माझ्या हातून पडलं.”

“तुझ्या हातून पडलं.” बाबाजींनी पाय काडेपेटीत परत घातले आणि उठले. आवाज चढवला नाही, उलट जरा वाईट वाटल्यासारखे बोलले, आणि तेच जास्त लागलं. “बघ पोरा, येकतर तू पुरं केलं न्हाय. न्हायतर पुरं करून शेवटल्या दिवशी हातातून सोडलंस. दोन्हींत माझ्या पोरीला काय?” त्यांनी खिशातली डहाळी काढली, एक पान तोडलं. “हे घे सोनं.”

“पप्पा, थांबा ना,” कल्पिता म्हणाली.

“थांबूनच होतो इतके दिस.”

ते पान अल्पेशच्या हातावर पडणारच होतं. पडलं असतं तर दसऱ्याचं सोनं म्हणून घ्यावं लागलं असतं, आणि गोष्ट तिथे संपली असती.

“त्यानं न्हाय मोडलं.”

सखुबाई पुढे आली. तिने पदराची गाठ सोडली. दोन लिंबं तिने टेबलावर ठेवली.

“मी मोडलं.”

रामशेठ भिंतीला टेकले.

“यालाबी चाकं हायत, म्हनून लिंबू ठेवलं,” सखुबाई म्हणाली. “सगल्या गाड्यांखाली ठेवते, तसं. फुटंना. म्हनून दाबलं. तरी फुटंना, म्हनून आनखी दाबलं. माझं चुकलं. पोराचं काय न्हाय त्यात. पोरगा रात्री दोनदा पुसून निजला, मी बघितलं.” आणि मग, इतक्या वर्षांची सवय एकदम कुठे जाणार, म्हणून हळूच: “लिंबूबी कच्चंच होतं.”

मग कल्पिताला हसू आलं. तिने तोंडावर हात धरला तरी ते बोटांतून बाहेर आलं.

बाबाजींनी पान परत डहाळीला लावल्यासारखं खिशात ठेवलं आणि एक लिंबू उचललं. सालीवर एक गोल, बारीक दात्यांचा ठसा होता, चाकाच्या आकाराचा. दुसरं उचललं. तसाच ठसा. त्यांनी काडेपेटीतलं चाक त्या ठशात ठेवून बघितलं. बसलं.

“कितीक दाबलंत, वहिनी?”

“असं.” सखुबाईने टेबलावर दोन्ही तळवे ठेवून दाखवलं. सखुबाई अंगाने भरलेली आहे. टेबल करकरलं.

बाबाजींनी वर बघितलं. मग खुर्चीवर चढून विमान हुकावरून काढलं, दोन्ही हातांत धरलं, कानाशी नेलं आणि हलवलं. यार्डात ते प्रत्येक पेटीला असंच करायचे म्हणे. आत माल नीट बांधला नसला की खडखडतो.

सगळे ऐकत होते.

“येवढा भार पडून आत कायच हलत न्हाय,” बाबाजी म्हणाले. पुन्हा हलवलं, जरा निराश झाल्यासारखे. “पंख हललं न्हाय. शेपटी हलली न्हाय. पाय गेलं, ते तर...” त्यांनी सखुबाईकडे बघितलं आणि वाक्य पुरं केलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाने वाक्य अर्धवट सोडलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

“काका,” अल्पेश म्हणाला, “पोटाखाली बघा. कान फटीतच हायत.”

“बघितलं मी. काय आंधला हाय का?” त्यांनी विमान टेबलावर, ओढणीच्या घडीवर, अलगद ठेवलं. खाली बसले. कपाळ पुसलं. “पानी द्या जरा, विहीणबाई.”

सखुबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिथे कुणाला दिसणार नाही असं उभी राहून आधी स्वतःच दोन पेले प्यायली. रामशेठ भिंतीवरून सुटले आणि विनाकारण सगळ्यांना बसा बसा म्हणू लागले, जे बसले होते त्यांनाही. अल्पेश खुर्चीच्या काठावर टेकला. कल्पिता त्याच्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, “माझ्या हातून पडलं म्हणे. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.”

“अर्धवटच जमतं,” तो म्हणाला.

सुपारी फुटली. तोंड गोड झालं. चहाच्या वेळेला सखुबाईला पुन्हा कंठ फुटला. “बाबाजीशेठ, हळद तुमच्या दारात लागनार ना? मग येवढी मानसं कुठं बसवनार? वरचा मजला व्हायलाच पाहिजे बघा. आमी लग्नाची तारीख स्लॅब पडल्यावरच धरू.”

“विहीणबाई, तो विषय...”

“वेगला हाय,” कल्पिता आणि अल्पेश एकदम म्हणाले.

बाबाजी उठले तेव्हा विमानाला हात लावून उठले. सखुबाई त्यांच्याआधीच बाहेर गेली होती. ते गाडीत बसले, त्यांनी गाडी काढली, आणि पुढच्या चाकांखालून एकामागोमाग दोन आवाज आले. बाबाजींनी खिडकीतून डोकं काढून खाली बघितलं, मग सखुबाईकडे बघितलं. ती हात जोडून उभी होती, अगदी निर्मळ चेहऱ्याने.

आता जमाखर्च. अल्पेशला ठरलं होतं ते सगळं मिळालं. त्याच्या विमानाचे दोन पाय गेले ते गेलेच. विमान आजही हॉलमध्ये तंगुशीवर उडतंय, आणि विचारणाऱ्याला तो सांगतो की चाकं आत आहेत. कल्पिताने काहीच भरलं नाही. रामशेठची एक युक्ती बुडाली, पण आता ते घसा न खाकरता बोलतात. बाबाजींच्या गच्चीवर सळयांवरच्या बाटल्या उतरल्यात, फळ्या लागल्यात, आणि स्लॅब कधी पडणार हे विहीणबाई रोज फोन करून विचारतात. लिंबं फुटली. सगळ्यात जास्त भरलं ते सखुबाईने, जन्मभराचा साठवलेला एकच ऐवज, तोही सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी भात करपला. रामशेठ आशेने तिच्याकडे बघत बसले. त्या चुकीचा खर्च कुकरने भरला.